घरची जमीन, वाटणी आणि टॅक्स: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांनी कुठून सुरुवात करायची

बहुतेक घरांत जमिनीचा विषय दोनच वेळेला निघतो, एकतर कोणीतरी गेल्यावर नाहीतर दारात गिऱ्हाईक आल्यावर, आणि दोन्ही वेळेला सगळे घाईत असतात, त्यामुळे जिथे सांगतील तिथे सह्या होतात आणि मग पुढची वीस वर्षं कोर्टाच्या तारखा. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की हे काम वडीलधारे हयात असताना, सगळी भावंडं एकमेकांशी बोलत असताना करा आणि क्रम सोडू नका. आधी कागद, मग कोणाचा किती हक्क ते, मग वाटणी, मृत्युपत्र की बक्षीसपत्र ते, आणि टॅक्सचा हिशोब शेवटी पण इसार घ्यायच्या आधी. लोक उलटं करतात, आधी सीएला विचारतात "टॅक्स कसा वाचेल" आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव असतं.

खालचं सगळं महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबांना धरून लिहितोय (कायद्यात यात जैन, बौद्ध, शीख पण येतात). मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांचे वारसा कायदे वेगळे आहेत. कागदपत्रांचा आणि टॅक्सचा बराचसा भाग मात्र सगळ्यांना सारखाच लागू पडतो.

पायरी १: सगळे कागद एका फाईलीत आणा

प्रत्येक गटाचा सातबारा, तुमच्या खात्याचा आठ-अ (गावात तुमच्या नावावर असलेल्या सगळ्या गटांची यादी), आणि त्या सातबाऱ्यावर जेवढे फेरफार नंबर (हक्क बदलल्याच्या नोंदींचे) दिसतात त्या सगळ्या फेरफारांच्या नकला. सातबारा, आठ-अ आणि अलीकडचे फेरफार महाभूमीच्या साईटवरून डिजिटल सहीचे मिळतात, जुने हस्तलिखित फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावे लागतात, तिथे अर्ज करून थोडं थांबायची तयारी ठेवा. कंटाळा आला तरी फेरफार वाचाच कारण जमीन घरात कशी आली (खरेदीने, वारसाने, कुळकायद्याने की वतन-इनामातून) हे फेरफारातच कळतं आणि पुढचा सगळा कायदा त्याच्यावर ठरतो.

सातबारा हातात आला की मी तीन गोष्टी बघायला सांगतो. पहिली, भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी) आहे का वर्ग २ (सरकारी अटी असलेली). वर्ग २ असेल तर विकायला बहुतेक वेळा कलेक्टरची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतो, ते आधी मोकळं केल्याशिवाय कोणाला शब्द देऊ नका. दुसरी, मालकाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." असं काही लिहिलंय का. याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एका भावाचं लागलंय पण जमीन सगळ्यांची आहे. अशा जुन्या नोंदींमुळे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत मोठ्या भावाची मुलं समजतात की सगळं आपलंच आणि बाकीच्या चुलत भावांची नावंच कुठे दिसत नाहीत. तिसरी, "इतर हक्क" हा रकाना. बँकेचा बोजा, सोसायटीचं कर्ज तिथे असतं आणि पूर्वी वारस नोंद करताना बहिणींची आणि आईची नावंही बऱ्याचदा याच रकान्यात टाकून दिलेली असतात. ती नावं म्हणजे खरे हिस्सेदार आहेत, तिथे लिहिली म्हणून हक्क कमी होत नाही.

आणि हे लक्षात असू द्या की सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही, कोर्टांनी हे कितीतरी वेळा सांगितलंय. नाव लागलं म्हणून मालक झालो असं नसतं आणि नाव नाही म्हणून हक्क गेला असंही नसतं.

पायरी २: गेलेल्यांची नावं काढून वारसांची लावा

हे काम फुकट होतं आणि तरी सगळ्यात जास्त रखडतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ प्रमाणे मालक गेल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते-नातं लिहिलेला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय) द्या नाहीतर ई-हक्क वरून ऑनलाईन भरा. वारस रजिस्टरला नोंद होते, फेरफार धरला जातो, पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतो. २०२५ मध्ये सरकारने "जिवंत सातबारा" मोहीम काढली ती याच्यासाठीच, कारण राज्यभर मयतांच्या नावाचे सातबारे पडून होते.

अर्जात लग्न झालेल्या बहिणींची नावं गाळायची नाहीत. "नंतर बघू, आत्ता फक्त भावांची लावू" असं सांगणारा माणूस गावात एक तरी असतोच, त्याचं ऐकू नका, ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं आणि पुढे बहिणीने किंवा तिच्या मुलांनी दावा लावला की अख्खा व्यवहार लटकतो.

पायरी ३: कोणाचा किती हक्क ते कागदावर मांडा

इथे जरा थांबून नीट समजून घ्या कारण सगळी भांडणं इथली असतात.

जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची आहे का वडिलांनी स्वतः कमावलेली, हा पहिला प्रश्न. स्वकष्टाची असेल तर वडील ती हयातीत कोणालाही देऊ शकतात, मृत्युपत्रही करू शकतात. काहीच न करता गेले तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ च्या कलम ८ ने पहिल्या वर्गातल्या वारसांना सारखे हिस्से, म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर तीसुद्धा. आजीला लोक हमखास विसरतात.

वडिलोपार्जित एकत्र असेल तर मुलगा आणि मुलगी दोघांना जन्मानेच हक्क. मुलींचा हा हक्क ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने आला (महाराष्ट्राने १९९४ लाच आपली दुरुस्ती केली होती, पण ती तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरती होती) आणि वडील २००५ च्या आधी गेले असतील तर काय हा वाद सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात असायची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटणी झालेली असेल तर ती उकरता येत नाही. "आमची तोंडी वाटणी झालेली होती" हे एवढ्यावर सहजासहजी चालत नाही.

आकडा मांडून बघू. वडील, आई, दोन मुलगे, एक मुलगी आणि वडिलोपार्जित सहा एकर, आजी नाही. वडील गेले. कायदा असं धरतो की जाण्याच्या क्षणी वाटणी झाली, त्यात वडील, आई आणि तीन मुलं असे पाच हिस्से, प्रत्येकी एक पंचमांश. मग वडिलांचा एक पंचमांश उरलेल्या चौघांत वाटला जातो, प्रत्येकी एक विसांश. बेरीज केली की चौघांना प्रत्येकी पाव हिस्सा, म्हणजे दीड-दीड एकर. आई, ताई, दादा, धाकटा, सगळे सारखे. घरात हा हिशोब आधी सगळ्यांसमोर मांडा आणि मग कोण काय सोडतंय, कोण काय घेतंय ते बोला, म्हणजे सोडणाऱ्याला आपण काय सोडतोय ते माहीत असतं.

बहिणीच्या हक्कसोडपत्राबद्दल मला मनापासून सांगायचंय. बहीण स्वखुशीने सोडत असेल तर तिचा मान ठेवा, पण रक्षाबंधनाला बोलावून गाडीत बसवून दुय्यम निबंधकाकडे नेऊन सही घेणं हे अजूनही होतं आणि ते चूक आहे. हक्कसोड करायचंच तर दस्त तिला आधी वाचायला द्या, तिच्या वकिलाला दाखवायला वेळ द्या. दस्त रजिस्टरच लागतो, स्टॅम्प पेपरवरच्या नोटरी केलेल्या संमतीपत्राने जमिनीचा हक्क जात नाही. हक्कसोड फक्त दुसऱ्या सहहिस्सेदाराच्याच नावे होतं, भाच्याच्या किंवा वहिनीच्या नावे नाही, आणि कोणत्या भावाच्या लाभात सोडतोय ते नाव स्पष्ट लिहा, नाहीतर दोन भावांत नवीन वाद. वडिलोपार्जित मिळकतीत बिनमोबदला भावंडांत सोडलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. पैसे घेऊन सोडलं तर तो मोबदला होतो आणि मग स्टॅम्पही वाढतो आणि टॅक्सचा प्रश्नही येतो, तर पैसे दिले असतील तर लपवू नका.

पायरी ४: वाटणी, मृत्युपत्र का बक्षीसपत्र

सगळे राजी असतील तर वाटणी सगळ्यात चांगली. महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटप करता येतं किंवा रजिस्टर वाटणीपत्र करता येतं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक आधीपासूनच नाममात्र होता, २०२५ मध्ये सरकारने नोंदणी फीसुद्धा माफ केली, त्यामुळे आता खर्चाचं कारण राहिलं नाही. फक्त एकानेही नाही म्हटलं की दिवाणी कोर्ट. वाटणी करताना विहीर, बोअर, लाईट कनेक्शन, बांध आणि वाट यांचं काय ते एकेक करून लिहा. विहिरीच्या पाण्याची पाळी किती दिवसांची, मोटार कोणाची, बिल कोण भरणार, हे न लिहिल्यामुळे सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेली घरं तुम्हालाही माहीत असतील. नंतर भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी करून घ्या, नुसती नावं वेगळी झाली आणि नकाशा एकच राहिला तर काम अर्धंच आहे.

तुकडेबंदी (जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला असलेली बंदी) बघा. २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं, त्यापेक्षा लहान तुकडे पाडून दस्त करायला गेलात तर अडतं. मोठी जमीन असलेल्यांनी सीलिंग पण बघा, १९६१ च्या कायद्याने बारमाही बागायत १८ एकर ते कोरडवाहू ५४ एकर अशी मर्यादा आहे आणि यात कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि अज्ञान मुलं, सज्ञान मुलाचं वेगळं धरतात.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण दोन साक्षीदार पाहिजेतच आणि त्यांनी करणाऱ्याला सही करताना बघितलेलं पाहिजे. तरी मी म्हणेन रजिस्टर करा आणि त्याच दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान घ्या आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. आणि मोठी गैरसमजूत म्हणजे वडिलोपार्जित अख्खी जमीन वडिलांनी एका मुलाला मृत्युपत्राने दिली की झालं. तसं नाही, वडील फक्त स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करू शकतात. सगळी जमीन एकाला लिहिली असली तरी बाकीच्यांचे हिस्से तसेच राहतात.

बक्षीसपत्राने जमीन लगेच मुलाच्या नावे होते. शेतजमीन किंवा राहतं घर नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातवंडं यांना दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार असेल तो. भावाला-बहिणीला दिलं तर ही सवलत नाही. स्वस्त म्हणून म्हातारे आई-वडील सगळं देऊन मोकळे होतात आणि मग हातात काही राहत नाही. द्यायचंच तर दस्तात स्पष्ट लिहा की आमचा सांभाळ करायच्या अटीवर देतोय, ही अट असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली पुढे दस्त रद्द मागता येतो. माझं मत विचाराल तर राहतं घर आणि थोडी जमीन आई-वडिलांनी शेवटपर्यंत स्वतःच्या नावावर ठेवावी आणि तेवढ्याचं मृत्युपत्र करावं.

बँक, शेअर, म्युच्युअल फंड यांचं नॉमिनेशन भरलंय म्हणून मृत्युपत्र नको असं समजू नका. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा, मालक वारसच, शेअरच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं.

पायरी ५: आता टॅक्स

आधी एक सूचना. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, पण सगळ्यांच्या तोंडात जुनेच नंबर आहेत म्हणून इथे जुनेच वापरतोय.

वारसाने किंवा मृत्युपत्राने मिळालेल्या जमिनीवर आपल्याकडे टॅक्स नाही. इस्टेट ड्युटी १९८५ लाच गेली, संपत्ती कर २०१५ पासून बंद आहे. जवळच्या नातेवाईकाकडून मिळालेलं बक्षीसही करमुक्त. पण नवऱ्याने बायकोला किंवा सासऱ्याने सुनेला काही दिलं तर त्याचं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, भाड्याचा गाळा बायकोच्या नावावर करून टॅक्स वाचत नाही.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, खंडाने दिलेल्या जमिनीचा खंडही त्यात येतो. मात्र नोकरी-धंद्याचं उत्पन्न मर्यादेच्या वर असेल आणि शेतीचं पाच हजारांच्या वर, तर शेतीचं उत्पन्न दर ठरवायला मिळवतात, म्हणजे बाकीच्या उत्पन्नावरचा टॅक्स थोडा वाढतो. दूध, कोंबड्या, वीटभट्टी, मोबाईल टॉवरचं भाडं हे शेतीचं उत्पन्न नाही. आडतीच्या पट्ट्या, कारखान्याची उसाची बिलं, खताच्या पावत्या सांभाळा आणि दर हंगामाला ई-पीक पाहणी (शेतातल्या पिकाची ऑनलाईन नोंद) करा, याचं कारण पुढे येतंय.

जमीन विकताना पहिला प्रश्न, ती टॅक्सच्या भाषेत ग्रामीण आहे का. दहा हजार किंवा जास्त लोकसंख्येच्या नगरपालिका-नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर ग्रामीण नाही. हद्दीबाहेर असेल तर सरळ रेषेत अंतर मोजायचं, लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर २ किलोमीटर, एक ते दहा लाख असेल तर ६, आणि दहा लाखांच्या वर ८ किलोमीटर. रस्त्याचं अंतर चालत नाही. या पट्ट्याच्या पलीकडची शेतजमीन विकली तर कॅपिटल गेन टॅक्स (विक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स) नाहीच. हद्दी वाढतात हे पण ध्यानात ठेवा, पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, हद्द पुढे गेली की ८ किलोमीटरचा पट्टाही पुढे जातो.

आणि इथे एक मोठं नुकसान लोक स्वतः करून घेतात. ग्रामीण शेतजमीन तशीच विकली असती तर टॅक्स शून्य, पण "एनए (बिगरशेती) केल्यावर भाव जास्त येतो" म्हणून एनए करून विकतात, मग ती शेतजमीन राहतच नाही आणि टॅक्स लागतो. प्लॉट पाडून विकले तर धंद्याचं उत्पन्नही धरू शकतात. भाव जास्त येतोय तो टॅक्स वजा करून खरंच जास्त उरतोय का, हे एनएचा अर्ज करायच्या आधी सीएकडून लिहून घ्या.

जमीन ग्रामीण नसेल तर दोन वर्षांवर जवळ असलेल्या जमिनीला २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दर, महागाई निर्देशांकाचा (महागाईच्या प्रमाणात खरेदी किंमत वाढवून धरायचा) फायदा नाही. पण त्या तारखेच्या आधी घेतलेली जमीन असेल तर निवासी व्यक्ती आणि एचयूएफ (हिंदू एकत्र कुटुंब) यांना निर्देशांक लावून २० टक्क्यांनी काढलेला टॅक्स कमी येत असेल तर तेवढाच भरावा लागतो. उदाहरण, २०१५-१६ मध्ये ४० लाखांना घेतलेली जमीन २०२५-२६ मध्ये ६० लाखांना विकली. सरळ १२.५ टक्क्यांनी वीस लाखांवर अडीच लाख. निर्देशांक लावला (२५४ वरून ३७६) तर खरेदी किंमत साधारण ५९ लाख २१ हजार होते, नफा ७९ हजार, टॅक्स सोळा हजारांच्या आत, सेस वेगळा. दोन्ही हिशोब मांडायला सांगाच. वडिलोपार्जित जमिनीत खरेदी किंमत आधीच्या मालकाची धरतात आणि २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत घेता येते, पण ती त्या दिवशीच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त धरता येत नाही, त्यामुळे व्हॅल्युअरने फुगवलेला रिपोर्ट कामाचा नाही.

टॅक्स वाचवायचे सरळ रस्ते तीन, आयकर कायद्याच्या या तीन कलमांचे. ५४बी: विकायच्या आधीची दोन वर्षं त्या जमिनीत तुम्ही किंवा आई-वडिलांनी शेती केलेली असेल तर पैशातून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घ्या, ती तीन वर्षं विकायची नाही. इथे सातबाऱ्याच्या पीक रकान्यात "पड" लागलं असेल तर अडचण येते, म्हणून पीक पाहणी करा म्हटलं. ५४एफ: सगळी रक्कम राहत्या घरात, पण आधीच एकापेक्षा जास्त घरं असतील तर नाही. ५४ईसी: सहा महिन्यांत ठरावीक सरकारी बाँड, ५० लाखांपर्यंत, पाच वर्षं अडकतात. रिटर्नच्या तारखेपर्यंत जमीन किंवा घर घेऊन झालं नसेल तर पैसे कॅपिटल गेन खात्यात टाका, साध्या बचत खात्यात ठेवले तर सवलत जाते.

सहहिस्सेदारांनी विकताना प्रत्येकाचा चेक प्रत्येकाच्या खात्यावर घ्या. सगळे पैसे थोरल्याच्या खात्यावर आणि मग रोखीने वाटप, असं केलं की नफा सगळा त्याच्याच नावावर दिसतो आणि ५० लाखांच्या बाँडची सवलत चौघांना वेगवेगळी मिळाली असती ती एकालाच मिळते. व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेऊच नका, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

रस्ता-प्रकल्पात जमीन सक्तीने गेली तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालचा मोबदला करमुक्त आहे. पण वाढीव मोबदल्यावर कोर्टाने दिलेलं व्याज करपात्र, त्यातलं निम्मं वजा मिळतं आणि टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) कापला तर तो रिटर्न भरून परत मागावा लागतो, बरेच शेतकरी रिटर्न भरत नाहीत आणि ते पैसे तसेच राहतात.

परदेशातली आणि गोव्यातली मंडळी

अमेरिकेत किंवा दुबईत असलेला भाऊ भारतात शेतजमीन खरेदी करू शकत नाही आणि त्याला बक्षीसही देता येत नाही, पण वारसाने मिळालेली ठेवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच. त्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराला जास्त दराने टीडीएस कापावा लागतो, म्हणून कमी दराचा दाखला आधीच आयकर खात्याकडून काढून ठेवा. मुखत्यारपत्र तिकडून करून आलं की तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांक भरून घ्या.

गोव्यात सगळंच वेगळं. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा सगळ्या धर्मांना एकच आहे, लग्नानंतर मिळकतीत साधारणपणे नवरा-बायकोचा अर्धा-अर्धा हक्क, आणि मुलं असतील तर अर्ध्या मिळकतीचंच मृत्युपत्र करता येतं. आयकरातही त्या जोडप्यांचं घरभाडं, व्याज असं उत्पन्न दोघांत अर्धं वाटून धरतात, पगार मात्र ज्याचा त्याचाच. सासर किंवा माहेर गोव्याचं असेल तर तिथल्याच वकिलाकडे जा, पुण्या-मुंबईच्या मृत्युपत्राचा नमुना तिथे वापरू नका.

वकील आणि सीए दोघांना एकाच दिवशी एकाच टेबलावर बसवा, दस्ताचा मसुदा दोघांनी वाचल्यावरच स्टॅम्प भरा. दस्त झाल्यावर इंडेक्स दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), मूळ दस्त आणि मंजूर फेरफाराची प्रत त्याच फाईलीत लावा आणि फाईल कुठे आहे ते घरातल्या निदान दोन माणसांना सांगून ठेवा, त्यातली एक बहीण असू द्या.